आवकेचा शिक्का

“मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” मी म्हणालो. “ज्याचा बसेल त्याने उद्यापासून कामावर येऊ नये. विश्वास ठेवणारी माणसं या धंद्यात टिकत नाहीत.”

समोर सहा नवी पोरंपोरी बसली होती. दर जूनमध्ये भरती झाली की कंपनी मला बोलावते, खायला घालते आणि जुन्या काळाबद्दल बोलायला लावते. निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. बोलावणारी मीनल आरवाडे. आता तीच कंपनी चालवते. ती मागे, दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि ऐकत नसल्यासारखी दिसत होती.

“अकरा वर्षांपूर्वी,” मी सुरुवात केली, “या तुमच्या मॅडमनी लिहिलेल्या प्रोग्रॅमने प्रश्न विचारायच्या आधी उत्तर ऐकलं होतं. सांगलीत. भरदिवसा. आणि त्याची लेखी नोंद होती.”

पोरं हसली. मी हसलो नाही. सांगणाऱ्याने हसलं की गोष्टीतली हवा जाते.

तेव्हा आमचं ऑफिस मार्केट यार्डाजवळ हळदीच्या गोदामावर होतं. खाली पोती भरायला लागली की वर कीबोर्ड पिवळे व्हायचे. भिंतीवरची पाल जन्माने पांढरी होती, तीन वर्षांत हळदीसारखी झाली. प्रिंटरमधून कागद बाहेर यायचा तो चार कोपऱ्यांना हळद लागूनच, त्यामुळे आमचं प्रत्येक पत्र लग्नपत्रिका वाटायचं. एका गिऱ्हाइकाने तर थकलेल्या बिलाच्या स्मरणपत्राला उत्तर म्हणून आहेर पाठवला होता.

त्याआधी मी जिल्हा परिषदेत सोळा वर्षं आवक-जावक टेबलावर होतो. आलेल्या कागदावर आवकेचा शिक्का, जाणाऱ्यावर जावकेचा. माझा हात इतका बसला होता की एकदा टेबलावर बसलेल्या माशीवर आवक क्रमांक पडला आणि तिला निकाली काढायला सहा महिने लागले. पुढे परिषदेत कॉम्प्युटर आला. त्याला कुणी हात लावेना, म्हणून तो माझ्या टेबलावर ठेवला. मी त्याला हात लावला आणि बिघडलो. पन्नाशीच्या तोंडावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मगदूमसाहेबांच्या कंपनीत लागलो. सगळे मला तगारेकाका म्हणायचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे असलेले मगदूमसाहेबसुद्धा.

पुण्याच्या एका शिक्षणसंस्थेचं काम आमच्याकडे आलं होतं. एक ब्राउझर एक्स्टेन्शन करायचं. शिक्षक वेबसाइटवर मुलांची माहिती भरणार, एक्स्टेन्शन तिची एक प्रत संस्थेच्या कॉम्प्युटरवर पाठवणार. पण पाठवण्याआधी विचारणार, ‘ही माहिती पाठवू का?’ शिक्षकाने ‘हो’ दाबलं तरच पाठवायचं. लहान मुलांची माहिती, त्यामुळे या एका ‘हो’वर सगळी भिस्त. तो भाग मीनलने लिहिला. नोकरीला लागून तिला सात महिने झाले होते. ही तिची पहिली नोकरी.

“एक्स्टेन्शन म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे,” मी पोरांना म्हणालो, “तरी मी बायकोला सांगितलं होतं तसं सांगतो. ते म्हणजे तीन खोल्यांचं बिऱ्हाड. एक खोली वेबपेजमध्ये. एक पडद्यामागे, खरं काम तिथे चालतं. तिसरी म्हणजे ती छोटी खिडकी, जी उघडते, विचारते आणि ‘हो’ म्हटलं की मिटते. खोल्यांना मधलं दार नाही. या खोलीतलं त्या खोलीला दिसत नाही. बोलायचं ते चिठ्ठी पाठवून. प्रत्येक खोली आपापल्या कन्सोलवर, म्हणजे खोलीतल्या फळ्यावर, नोंदी छापते, ‘मी हे केलं, मी ते केलं.’ आता तीन खोल्यांत तीनदा कोण डोकावणार? म्हणून आमच्याकडे सगळ्या नोंदी एका जागी गोळा करणारा एक प्रोग्रॅम होता. पडद्यामागच्या खोलीतच बसायचा. आम्ही त्याला दप्तर म्हणायचो.”

“दप्तर कुणी लिहिलं होतं?” पुढच्या रांगेतल्या इरफान मुजावरने विचारलं. मिरजेचा मुलगा. डोळे असे, की चहात साखर किती ते बघून सांगेल.

“घुगरे म्हणून एक होता,” मी म्हणालो. “नंदू घुगरे. हुशार, पण तिरपागडा. चपला एक दिवस उलट्या पायात घालायचा, दोन्ही बाजूंनी सारख्या झिजाव्यात म्हणून. पुढे ऐक.”

मागे मीनलचं टाइप करणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

बुधवारी पुण्याहून देवस्थळीबाई तपासणीला आल्या. शिक्षणसंस्थेत कुठलीही गोष्ट चालू करायची की बंद, हे त्याच ठरवायच्या. बाई खोलीत आल्या की पंखासुद्धा एक घर हळू व्हायचा. मीनलने एक्स्टेन्शन चालवून दाखवलं. खिडकी उघडली, बाईंनी स्वतः ‘हो’ दाबलं, माहिती गेली. सगळं व्यवस्थित.

“आता नोंदी दाखवा,” बाई म्हणाल्या.

मीनलने दप्तर उघडलं. तीन ओळी होत्या.

माहिती पाठवली.
परवानगी विचारली.
परवानगी मिळाली.

बाईंनी चष्मा पुसला आणि परत वाचलं. “पहिली ओळ मोठ्याने वाचा.”

“माहिती पाठवली,” मीनल म्हणाली.

“दुसरी?”

“परवानगी विचारली.”

“म्हणजे आधी खिशात हात घालायचा आणि मग विचारायचं, घालू का? याला आमच्याकडे चोरी म्हणतात, मगदूम. तुमच्याकडे काय म्हणतात?”

मगदूमसाहेब हळदीच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. भाव पडला की ते आधी माणूस पाडायचे. “कुणी लिहिलंय हे?”

“मी, सर,” मीनल म्हणाली. “पण माझा कोड ‘हो’ आल्याशिवाय पाठवतच नाही.”

“मग दप्तर खोटं बोलतंय?”

दप्तरावर आमच्या ऑफिसात कुणी कधी शंका घेतली नव्हती.

“शनिवारी चार वाजता मी परत येते,” देवस्थळीबाई उठत म्हणाल्या. “तोवर पटेल असं कारण दिलंत तर ठीक. नाहीतर आमची संस्था सगळ्या संस्थांना लेखी कळवेल, की अमुक कंपनीत आरवाडे नावाच्या मुलीने मुलांची माहिती न विचारता घेतली. नावानिशी.”

“आणि माझं सांगतो,” मगदूमसाहेब म्हणाले, “ज्याची चूक निघेल, तो सोमवारी घरी. मग तो कुणी का असेना.”

“नावानिशी पत्र गेलं असतं तर?” इरफानने विचारलं.

“तर मॅडमना कॉम्प्युटर विकायच्या दुकानात झाडायलासुद्धा कुणी ठेवलं नसतं. आज तुमच्या पगारपत्रकावर सही कुणाची असती देव जाणे.”

गुरुवारी सकाळी मीनल आणि मी तिचा कोड ओळीगणिक वाचला. कोड स्वच्छ होता. ‘हो’ येत नाही तोवर पडद्यामागची खोली हातावर हात ठेवून बसलेली. मग तो चाळीस वेळा चालवला. सत्तावीस वेळा नोंदी नीट लागल्या, तेरा वेळा उलट्या. आणि कन्सोल उघडून आत काय चाललंय ते बघायला गेलं, की पठ्ठ्या सरळ. साहेब फिरतीवर आले की कारकून फाइलीत मान घालतो, तसा.

“काका, हे माझ्यावरच रुसलंय का?” मीनलने विचारलं.

“यंत्राला माणूस ओळखू येत नाही गं,” मी म्हणालो. “आपल्या ऑफिसातलं तर नाहीच. त्याच्या डोळ्यांत हळद गेली आहे.”

ती हसली नाही. तिने घरी अजून काही सांगितलं नव्हतं. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची.

गुरुवारी दुपारी मला डुलकी लागली. त्या दुपारबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

शुक्रवारी मी सुचवलं, की नोंदी वाढवू. कुठे काय होतं ते कळेल. प्रत्येक पावलाला आकडा छापायचा, एक ते पाच. चालवलं. दप्तरात आलं: एक, चार, दोन, पाच, तीन. परत चालवलं, तर पाच सगळ्यांच्या आधी. तिसऱ्यांदा सहा आला. सहा आम्ही लिहिलाच नव्हता.

“सहा कसा येईल?” इरफान म्हणाला.

“तेच मी त्याला विचारलं,” मी म्हणालो. “तोवर तो गेला होता.”

शुक्रवारी मीनल दिवसभर माझ्याशी कामापलीकडे बोलली नाही. निघताना फक्त टेबलाजवळ उभी राहिली. “काका, तुम्हाला काही सापडलं का?”

“नाही गं.”

“बघा,” ती म्हणाली आणि गेली. मला वाटलं, पोरगी घाबरली आहे.

शनिवारी सकाळी मी एसटी स्टँडवर बससाठी उभा होतो आणि मला हणमंत ऐवळे गुरुजी आठवले. बस आली आणि गेली, मी तिथेच. असं होतं माणसाचं, अक्कल कुठल्या फलाटावर लागेल सांगता येत नाही. गुरुजी जत तालुक्यातले. त्यांची बदली झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्दही झाली. बदलीचा हुकूम टपालाने निघाला. रद्द झाल्याचा कागद एक शिपाई मोटारसायकलवरून घेऊन आला. साहजिकच रद्दचा कागद आधी पोचला, त्याला आवक क्रमांक पडला चारशे बारा. टपाल रमतगमत आलं, बदलीच्या हुकमाला पडला चारशे तीस. रजिस्टर बघणाऱ्याने काय समजावं? की आधी रद्द झाली, मग नव्याने बदली झाली. जुन्या शाळेने गुरुजींना सोडलं. नव्या शाळेला मूळ रद्दचा कागद गेलेला, तिने घेतलं नाही. गुरुजी चौदा महिने दोन्ही गावांच्या मधल्या एसटी थांब्यावर बसून होते. रिकामं बसवेना म्हणून तिथे शिकवायला लागले. त्यांच्या हाताखालून चार कंडक्टर आणि एक तिकीट तपासनीस तयार झाला.

कागदावरची तारीख कागद निघाल्याची. शिक्का कागद पोचल्याचा. सोळा वर्षं मी तोच शिक्का मारत होतो. आमचं दप्तरही तेच करत होतं. नोंद कधी घडली ते न बघता, हातात कधी पडली तेवढं बघून वेळ लावायचं. पडद्यामागची खोली दप्तराला खेटून, तिची नोंद हातोहात पोचायची. खिडकीच्या नोंदी मात्र सेकंदभर साठवून, गठ्ठा बांधून मग यायच्या. म्हणून गठ्ठा वेळेत सुटला तर ओळी सरळ, नाहीतर ‘माहिती पाठवली’ आधी आणि ‘परवानगी मिळाली’ मागून लंगडत.

“पण हे बाईंना सांगून पटलं असतं का?” मी पोरांना विचारलं. “त्यांना एक्स्टेन्शन म्हणजे टेलिफोनची जोडणी वाटायची. म्हणून मी चहा मांडला.”

चार वाजता देवस्थळीबाई आल्या. त्यांना मगदूमसाहेबांच्या केबिनमध्ये बसवलं. केबिन वरच्या पोटमाळ्यावर होती. ही खिडकीची खोली. खाली चहाच्या ओट्याजवळ मीनल, ही पडद्यामागची खोली. ओट्याला लागून माझं टेबल, त्यावर रजिस्टर आणि आवकेचा शिक्का. परिषद सोडताना तो माझ्या पिशवीत कसा आला, याची चौकशी अजून चालू आहे.

“प्रत्येकाने जे कराल ते चिठ्ठीवर लिहायचं,” मी सांगितलं. “केबिनमधल्या चिठ्ठ्या बिराप्पा घेऊन येईल.”

बिराप्पा गोदामातला हमाल. गडी भला, पण रिकाम्या अंगाने जिना उतरायची त्याला सवय नव्हती. तोल जायचा. म्हणून त्याने पाठीवर पन्नास किलो हळदीचं पोतं घेतलं आणि चिठ्ठ्या दातांत धरल्या.

“मला नाटकं बघायला वेळ नाही,” बाई म्हणाल्या.

“नाटक नाही, चहा आहे,” मगदूमसाहेब म्हणाले. “घेणार ना?” आणि त्यांनी चिठ्ठी लिहिली, ‘चहा विचारला.’

“घेईन,” बाई म्हणाल्या आणि लिहिलं, ‘हो म्हटलं.’

साहेबांनी इंटरकॉमवरून मीनलला सांगितलं, पाठव. मीनलने कप वर पोचवला, खाली येऊन ‘चहा दिला’ अशी चिठ्ठी माझ्या टेबलावर टाकली. मी शिक्का मारला. आवक क्रमांक एक. बाईंचा चहा पिऊन झाला, बशी पुसून झाली, तेव्हा बिराप्पाचा पाय शेवटच्या पायरीवर आला.

“कुठं टाकू?” तो दातांतून म्हणाला.

“चिठ्ठ्या इथे. पोतं परत वर ने.”

बाई खाली आल्या. मी रजिस्टर वाचून दाखवलं. “एक, चहा दिला. दोन, चहा विचारला. तीन, हो म्हटलं. बाई, तुम्ही कुणी विचारायच्या आधीच चहा घेतलात.”

“मी?” बाईंचा आवाज पालीपर्यंत गेला. “मी ‘हो’ म्हटल्याशिवाय कपाला बोटसुद्धा लावलं नाही!”

“रजिस्टर तसं म्हणत नाही.”

“तुमचं रजिस्टर गेलं खड्ड्यात! त्यात कागद तुमच्याकडे कधी पोचला ते लिहिलंय. मी कधी लिहिला ते कागदावर आहे. बघा की!” त्यांनी चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली. शिस्तीच्या बाई. कोपऱ्यात वेळ घातली होती, चार वाजून अकरा.

बाई चिठ्ठीकडे बघत राहिल्या, मग रजिस्टरकडे, मग कॉम्प्युटरच्या पडद्याकडे.

“यातही तसंच आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

“तसंच,” मीनल म्हणाली.

तिने खुर्ची ओढली आणि अर्ध्या तासात दुरुस्ती केली. नोंद ज्या खोलीतून निघेल तिथेच तिच्यावर निघाल्याची वेळ घालायची आणि दप्तराने त्या वेळेप्रमाणे ओळी लावायच्या. चाळीस वेळा चालवलं. चाळीसही वेळा आधी विचारणं, मग ‘हो’, मग पाठवणं. देवस्थळीबाईंनी कागदावर सही केली आणि मीनलकडे बघून म्हणाल्या, “मुली, तू बरोबर होतीस. मी वाचलं ते चुकीचं वाचलं.” ही एवढी एक गोष्ट मात्र शब्दशः खरी आहे.

बाई गेल्यावर मगदूमसाहेबांना सोमवार आठवला. “हे दप्तर कुणी लिहिलं?”

मी त्यांना फाइल उघडून दाखवली. फाइलीच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव असतं. तिथे काही नव्हतं.

“मग घुगऱ्यांनी लिहिलं हे कसं कळलं?” इरफान म्हणाला.

“लिहिण्याच्या धाटणीवरून. मी त्याची धाटणी ओळखतो. पण तोवर तो मस्कतला गेला होता. तिथे त्याने उंटांच्या शर्यतीचा निकाल लावणारा प्रोग्रॅम लिहिला. जो उंट हजेरी लावायला आधी आला, तो पहिला. पळाला कोण ते कुणी बघितलंच नाही. एक म्हातारी उंटीण तीन वर्षं अजिंक्य होती. नुसती लवकर उठायची.”

पोरं टाळ्या वाजवून हसली. मी पाण्याचा घोट घेतला. गोष्ट चांगली झाली होती.

मीनलने लॅपटॉप मिटला.

“काका,” ती जागेवरूनच म्हणाली, “घुगरे नावाचा माणूस या कंपनीत कधी नव्हता.”

“तू यायच्या आधीचा.”

“आधीचाही नाही. मगदूमसाहेबांनी सगळी जुनी हजेरीपत्रकं माझ्या ताब्यात दिली आहेत. दप्तर तुम्ही लिहिलं होतं. माथ्यावर नाव होतं, भा. वि. तगारे. पोचल्याची वेळ लावायचं दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं असतं?”

आता कुणी हसत नव्हतं. मी मजेशीर काहीतरी शोधत होतो. सापडत नव्हतं.

“आणि तुम्हाला एसटी स्टँडवर शनिवारी काही आठवलं नाही,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “गुरुवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी तुम्ही ती फाइल उघडलीत आणि तुमचं नाव पुसलंत. बाकी काहीही बदललं नाहीत. फाइलीतला प्रत्येक बदल कुणी केला, केव्हा केला, त्याची नोंद आपोआप राहते. मी ती शुक्रवारी सकाळी वाचली. चूक कुठे आहे तेही मग मला दिसलं.”

“पण मॅडम,” इरफान माझ्याकडे न बघता म्हणाला, “शुक्रवारीच कळलं होतं तर तुम्ही बोलला का नाहीत? तुमची नोकरी जात होती.”

“काकांचीही जात होती. चौपन्न वर्षांचे होते, घरी दोन मुली लग्नाच्या. मला वाटलं, ते स्वतः सांगतील. शनिवारी चार वाजेपर्यंत थांबले. मग म्हटलं, आज बाईंसमोर नको वाटत असेल, नंतर सांगतील.” ती उठली आणि तिने खुर्ची भिंतीला लावली. “म्हणून तर दरवर्षी बोलावते, काका. गेली पाच वर्षं दप्तर ‘कुणीतरी’ लिहिलेलं असायचं. यंदा तुम्ही त्या कुणीतरीला चपला घातल्यात, मस्कतला पाठवलंत, त्याच्या उंटिणीला बक्षीससुद्धा दिलंत. एवढं सगळं सुचलं, काका, आणि ‘मीनल, ते मी लिहिलं होतं’ एवढं एक वाक्य सुचलं नाही?”